हजार वर्षं भिजला, आता तरी आत घ्या

आज जरा भांडायचा मूड आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. 'पडकं, शेवाळलेलं तेच सुंदर' असं ज्यांचं मत आहे त्यांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल. (नाही, वाचाच. तुमच्यासाठीच लिहितोय!)

प्रोजेक्टच्या निमित्ताने इंग्लंडात होतो तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी वायव्येकडच्या कंब्रिया परगण्यात गॉसफर्थ नावाच्या गावी जाऊन थडकलो. गाव छोटंसं. सेंट मेरी चर्चच्या आवारात, थडग्यांच्या दगडांमध्ये, ४.४ मीटर उंचीचा, लालसर वालुकाश्माचा एक बारीक खांब उभा आहे. आपल्याकडे देवळासमोर दीपमाळ असते तसा, पण अंगाने अगदी सडपातळ. खालचा भाग गोल, वरचा चौकोनी, आणि टोकाला वर्तुळात बसवलेला छोटा क्रॉस. हा गॉसफर्थ क्रॉस. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हा हा तीनशेपेक्षा जास्त वर्षांचा झालेला होता.

त्या दिवशी पाऊस असा की छत्री दोनदा उलटी झाली. मी अर्धा तास भिजत त्या खांबाभोवती फिरत होतो, कोरीवकाम शोधत होतो. काही दिसत होतं, काही दिसतंय असं वाटत होतं, आणि काही ठिकाणी हातातल्या पत्रकात चित्र होतं म्हणून 'असेल बुवा' म्हणून सोडून दिलं.

सोमवारी जेवताना ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याला विचारलं, "अरे, हे तुम्ही आत का नेत नाही?" तो माझ्याकडे असं बघायला लागला जणू मी ताजमहालावर पत्रे टाका म्हटलंय. म्हणाला, तो पावसात उभा आहे यातच तर सगळं आलं. आत नेला की मेला.

त्या वाक्याने डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही. म्हणून हा लेख.

आधी, त्यावर आहे काय?

क्रॉस म्हटल्यावर आपल्याला वाटतं की येशू, मेरी, संत वगैरे. गॉसफर्थच्या क्रॉसवर येशूचं क्रूसावरचं दृश्य आहे, पण एकच. बाकी जे आहे ते नॉर्स देवांचं. व्हायकिंगांच्या वंशजांनी इथे वस्ती केली होती, ख्रिस्ती धर्म घेतला होता, आणि आजीच्या गोष्टी अजून विसरले नव्हते. त्यामुळे एका बाजूला बांधून घातलेला लोकी आहे. त्याच्या तोंडावर सापाचं विष ठिबकतंय आणि त्याची बायको सिगिन वाडगं धरून ते झेलतेय. एका ठिकाणी एक जण राक्षसी लांडग्याच्या जबड्यात पाय रोवून तो फाडतोय. तो ओडिनचा मुलगा विदार असावा असं मानतात. जगबुडीच्या वेळच्या, रॅग्नारोकच्या, या गोष्टी.

आता गंमत बघा. या गोष्टी आपल्याला सविस्तर कळतात त्या मुख्यतः आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनच्या लिखाणातून. तो तेराव्या शतकातला, आणि हा दगड त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचा. म्हणजे पुस्तक नंतर आलं, दगड आधी. मूळ कथा इंग्लंडातले लोक कशी सांगत होते, ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी लोकी आणि येशू एकाच खांबावर का बसवले, याचा हा समकालीन पुरावा आहे. असे पुरावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि यातल्या काही आकृती नक्की कोणाच्या यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कोरीवकाम गेलं की तो वादही संपला. कोणी जिंकलं म्हणून नाही, बघायलाच काही उरलं नाही म्हणून.

सगळे क्रॉस सारखे नसतात

इथे एक घोळ आधीच निस्तरतो. इंग्लंडच्या चर्चच्या आवारांत मध्ययुगीन दगडी क्रॉस पुष्कळ आहेत, आणि सगळे उचलून आत न्या असं मी म्हणत नाही.

बरेचसे उत्तर मध्ययुगातले, चौदाव्या-पंधराव्या शतकांतले. चर्चच्या दक्षिणेला तीन-चार पायऱ्यांचा चौथरा, त्यावर खाच असलेला मोठा दगड, त्यात रोवलेला खांब, आणि वर कोरलेलं डोकं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेला, मिरवणूक इथे थांबायची. उघड्यावर प्रवचनं व्हायची. यातल्या बहुतेकांचं डोकं आज जागेवर नाही. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत काही गेली, आणि मग १६४३ साली, यादवी युद्धाच्या काळात, पार्लमेंटने रीतसर हुकूमच काढला की मूर्तिपूजेची चिन्हं, त्यात क्रॉसही आले, पाडून टाका. पुढे कुठे उरलेल्या खांबावर सूर्यघड्याळ बसवलं, कुठे व्हिक्टोरियन मंडळींनी हौसेने नवं डोकं चढवलं, कुठे पहिल्या महायुद्धानंतर जुन्या चौथऱ्यावर गावातल्या शहीद पोरांची नावं आली.

या थोट्या खांबांना हात लावू नये असंच माझं मत आहे. डोकं नसणं हीच त्यांची हकिगत आहे. ते पावसात राहिले तरी फारसं बिघडत नाही, कारण पायऱ्या आणि साधा खांब यांच्यावरची माहिती मोजून-मापून उतरवून घेता येते आणि बहुतेक ठिकाणी घेतलेलीही आहे.

मी बोलतोय ते मोजक्या दगडांबद्दल. ज्यांच्यावर दाट कोरीवकाम किंवा लेख आहे, जे पूर्ण वाचून झालेले नाहीत, आणि जे आज उघड्यावर झिजतायत. गॉसफर्थ, ब्यूकासल, अर्टन. तिन्ही कंब्रियातले. यादी थोडी वाढेल, पण शेकड्यांत जाणार नाही.

दोन बहिणींची गोष्ट

ब्यूकासलचा क्रॉस आठव्या शतकाच्या आसपासचा. त्याचं डोकं कधीच गेलंय, पण खांब अजून आपल्या जागी, सेंट कथबर्ट चर्चच्या आवारात उभा आहे. त्यावर रून लिपीतला एक मोठा लेख आहे. 'आहे' असं आपलं म्हणायचं. तो इतका झिजलाय की त्यात नक्की काय लिहिलंय यावर अभ्यासकांचं एकमत होत नाही. जे वाचन एका पिढीने छापलं ते दुसरीने खोडलं. हा क्रॉस कोणासाठी, कोणी, कधी उभारला याचं उत्तर बहुधा त्याच ओळींमध्ये होतं.

आता सीमा ओलांडून स्कॉटलंडात या. रुथवेल गावी याच काळातला, याच शैलीतला, याच नॉर्थंब्रिया राज्यातला क्रॉस आहे. दोघांना बहिणी म्हणायला हरकत नाही. रुथवेलच्या क्रॉसचे तर तुकडे केले होते. मूर्तिपूजेविरुद्ध चर्चच्या महासभेने १६४० मध्ये ठराव केला आणि १६४२ मध्ये तो फोडला. पुढे हेन्री डंकन नावाच्या पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात तुकडे गोळा करून तो पुन्हा उभा केला. (हाच माणूस बचत बँकांचा जनक. १८१० साली पहिली बचत बँक याच गावात काढली त्याने. किडूकमिडूक सांभाळून ठेवायची सवय असणार!) १८८७ मध्ये क्रॉस चर्चच्या आत नेला. उंची साडेपाच मीटरच्या आसपास, मग छताला लागेल त्याचं काय? तर त्याच्यासाठी चर्चला खास कोनाडा बांधला आणि जमीन खाली खोदली. आज तो तिथे खड्ड्यात पाय ठेवून कोरडाठाक उभा आहे.

आणि त्याच्यावरचे रून? फोडाफोडीतून वाचले ते वाचता येतात. इतके, की ते एका जुन्या इंग्रजी कवितेशी जुळतात हे १८४०च्या दशकात ओळखता आलं. त्या कवितेचं हस्तलिखित इटलीत सापडलं होतं. शोध लागला तो अक्षरं शिल्लक होती म्हणून.

एक प्रामाणिक कबुली देतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये धराल. ही काही काटेकोर ए-बी टेस्ट नाही. दगड वेगळे, हवा थोडी वेगळी, आणि रुथवेलचे तुकडे आत जाण्याआधीही बराच काळ छपराखाली होते. पण नेमका तोच माझा मुद्दा आहे ना! फोडलेला दगड छपराखाली होता म्हणून वाचता येतो, न फोडलेला उघड्यावर होता म्हणून येत नाही. हातोड्यापेक्षा पावसाने जास्त नुकसान केलं.

तिसरं उदाहरण ग्लॉस्टरशरमधल्या ॲम्पनी क्रूसिसचं. तिथल्या क्रॉसचं पंधराव्या शतकातलं डोकं एकोणिसाव्या शतकात चर्चच्या भिंतीत चिणलेलं सापडलं. भिंतीत होतं म्हणून पार्लमेंटच्या माणसांपासून वाचलं, आणि पावसापासूनही. मग केलं काय? बाहेर नेऊन परत खांबावर बसवलं. घ्या!

"हजार वर्षं टिकला, आणखी हजार टिकेल"

हा सगळ्यात लाडका युक्तिवाद. ज्यांनी कधी जुना सर्व्हर सांभाळलाय त्यांना यातला फोलपणा लगेच कळेल. 'दहा वर्षं बंद पडला नाही' हे 'पुढेही पडणार नाही'चं कारण नसतं. उलट डिस्क दहा वर्षं जुनी झाली, एवढंच त्यातून कळतं.

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण नैसर्गिक सिमेंटने एकमेकांना चिकटलेले. छिद्रांत पाणी शिरतं, थंडीत गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. हिवाळाभर हेच परत परत. पाण्याबरोबर आलेले क्षार सुकताना स्फटिक होतात आणि तेही आतून ढकलतात. एक दिवस वरचा थर सोलून येतो. कोरीवकाम किती खोल असतं? बऱ्याच ठिकाणी काही मिलिमीटर. म्हणजे खांब आणखी हजार वर्षं खुशाल उभा राहील हो, पण कोरा खांब. पुस्तकाची बाइंडिंग शाबूत आहे, पानं कोरी झाली, तर पुस्तक टिकलं म्हणायचं का?

यावर उत्तर येतं की कोळशाचा धूर आता गेला, हवा स्वच्छ झाली. खरं आहे. ब्रिटनचं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन १९७० पासून ९० टक्क्यांहून जास्त उतरलंय, त्यामुळे आम्ल पावसाचा मारा कमी झाला. पण गोठणं-वितळणं आणि क्षार यांना धूर लागत नाही. आणि पाऊस? इंग्लंडमधलं सर्वात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, सीथवेट, याच कंब्रियात, गॉसफर्थपासून डोंगरापलीकडे आहे.

आणि हो, 'टिकला' कोण? गॉसफर्थमध्ये असे क्रॉस एकाहून जास्त होते. बाकीचे तुकड्यांच्या रूपाने उरलेत. एक वाचला म्हणून 'क्रॉस टिकतात' हा निष्कर्ष काढायचा असेल तर लॉटरी लागलेल्या माणसाला विचारून गुंतवणूक करा.

"त्याची जागा बाहेरच आहे"

हा मुद्दा मला खरंच पटतो, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडायला मजा येते. क्रॉस आवारात आहे, थडग्यांमध्ये आहे, लोक त्याच्याजवळून चर्चमध्ये जातात, हे नातं खरं आहे. संग्रहालयाच्या काचेमागे ते उरत नाही. ईस्बीच्या क्रॉसचे तुकडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि गावच्या चर्चमध्ये प्लास्टरची प्रतिकृती. गाववाल्यांना कसं वाटत असेल ते मी समजू शकतो.

पण लंडनला न्या असं म्हणतंय कोण? वीस-तीस पावलांवर चर्च आहे, तिथे न्या! आणि इथेच मला सगळ्यात जास्त चीड येते. गॉसफर्थच्याच चर्चच्या आत दोन 'हॉगबॅक' आहेत, म्हणजे घराच्या छपरासारख्या आकाराचे व्हायकिंग काळातले कबरीचे दगड. १८९६-९७ च्या दुरुस्तीत पायाखाली सापडले, आत ठेवले. थॉर मासे पकडायला निघालाय असा एक कोरलेला दगड आहे, तोही आत. त्यांना आत नेल्याने ते 'मेले' असं कोणी म्हणत नाही. शाळेच्या सहली जाऊन बघतात. मग त्याच काळातला, त्यांच्याहून महत्त्वाचा, तेवढा बाहेर का? तर तो कधी पडला नाही म्हणून! पडला असता तर आत गेला असता. उभं राहिल्याची शिक्षा.

बाहेर प्रतिकृती उभी करा. त्याच दगडाची, त्याच उंचीची, त्याच खाचेत. यात नवं काही नाही. कॅल्व्हर्ली नावाच्या पाद्र्याने गॉसफर्थ क्रॉसची दगडी प्रतिकृती १८८७ मध्येच जवळच्या ॲस्पॅट्रियाच्या आवारात उभी करून घेतली. ती आजही आहे. आयर्लंडमध्ये क्लोनमॅकनॉइसचे मूळ क्रॉस १९९०च्या दशकात आत नेले, जागेवर प्रतिकृती ठेवल्या. स्कॉटलंडात आयोना बेटावर सेंट जॉन्स क्रॉसची काँक्रीटची प्रतिकृती १९७० पासून उभी आहे. लोक तिच्यासमोर उभे राहतात, फोटो काढतात, प्रार्थना करतात. नातं दगडाच्या अणुरेणूंशी नसतं, जागेशी असतं. आणि जागा आपण कुठेच नेत नाही आहोत.

"थ्रीडी स्कॅन करून ठेवा की"

आपल्या क्षेत्रातली मंडळी हमखास हे म्हणतात. स्कॅन कराच. पण स्कॅन म्हणजे बॅकअप, आणि बॅकअप आहे म्हणून प्रॉडक्शन सर्व्हर गच्चीवर पावसात ठेवायचा का?

शिवाय आपल्या बॅकअपची लायकी आपल्यालाच माहीत. १०८६ साली इंग्लंडात जमिनीची मोजदाद झाली, तिचं पुस्तक, डूम्सडे बुक, आजही वाचता येतं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने लेझर डिस्कवर नवी मोजदाद काढली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचायला यंत्रं मिळेनाशी झाली आणि ती वाचवायला वेगळे प्रकल्प करावे लागले. याउलट गॉसफर्थ क्रॉसचा प्लास्टरचा साचा १८८२ मध्ये घेतला होता. तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये उभा आहे. ना ड्रायव्हर लागतो, ना लायसन्स. जाऊन बघायचं. :)

आणि स्कॅनमध्ये काय येतं? आज आपल्याला जे मोजायचं सुचतं तेवढंच. असे अनेक दगड मुळात रंगवलेले होते, काहींवर रंगाचे कण सापडलेत. पन्नास वर्षांनी लोकांना काय शोधावंसं वाटेल ते आपल्याला माहीत नाही. त्यांना दगड लागेल.

मग अडलंय कुठे?

कायद्यात. असे क्रॉस संरक्षित स्मारक म्हणून नोंदवलेले असतात. १९७९ च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय त्याला हात लावला तर गुन्हा. चर्चचं आवार असल्याने चर्चची वेगळी परवानगी. ठीक आहे, असावं संरक्षण. पण त्याच कायद्यात मालकाने स्मारक सुस्थितीत ठेवलंच पाहिजे अशी सक्ती नाही! म्हणजे हलवायला दहा सह्या, झिजू द्यायला एकही नाही. काही न करणं हा सगळ्यात सोपा रस्ता, आणि त्याला 'जतन' हे भारदस्त नाव. आपल्या ऑफिसातसुद्धा असंच चालतं. बदल करायचा तर तीन मंजुऱ्या, आणि जुनं सडू द्यायला कोणाचीच मंजुरी लागत नाही.

दुसरं, पैसा. रविवारी मूठभर माणसं येणाऱ्या गावच्या चर्चने हा खर्च करावा असं मी म्हणणार नाही. हा सरकारने करायचा खर्च आहे. आणि पैसे नाहीत म्हणू नका. गॉसफर्थपासून चार-पाच किलोमीटरवर सेलाफिल्ड आहे, ब्रिटनचा अणुकचरा साठवण्याचं मुख्य ठिकाण. तिथली सफाई पुढची शंभर वर्षं चालेल असा सरकारचाच अंदाज आहे. शंभर वर्षांचा विचार करून नको असलेली वस्तू काँक्रीटमागे सुरक्षित ठेवता येते. हवी असलेली मात्र पावसात.

तिसरा अडथळा खरा आहे, तो लपवत नाही. हजार वर्षांचा बारीक, साडेचार मीटरचा अखंड दगड हलवताना मोडू शकतो. तज्ज्ञ म्हणाले की हलवणं धोक्याचं आहे, तर हलवू नका. त्याच्यावर छप्पर करा. स्कॉटलंडात फॉरेस गावी सुएनोचा दगड, साडेसहा मीटरचा, १९९०च्या दशकापासून काचेच्या पेटीत उभा आहे. दिसायला भयंकर आहे, बसस्टॉपचा मोठा भाऊ वाटतो. पण आत दगड आहे, आणि दगडावर नक्षी आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या मोजक्या क्रॉसांसाठी एकदा बसून, अभियंते आणि दगडतज्ज्ञ घेऊन, लेखी उत्तर द्या: आत नेता येतो का? नसेल तर छप्पर? तेही नसेल तर का नाही? आणि त्याखाली कोणीतरी नाव घालून सही करा. 'पावसात छान दिसतो' हे उत्तर चालणार नाही.

माझा तो सहकारी हे सगळं ऐकून म्हणाला, तू फार भावनाशून्य आहेस. असेन. पण सिगिन बिचारी हजार वर्षं वाडगं धरून उभी आहे, नवऱ्याच्या तोंडावर काही ठिबकू नये म्हणून. तिच्या डोक्यावर कोणीतरी काहीतरी धरायला नको?

असो. भांडण संपलं. चहा टाकतो.